मीनाक्षीताईंना बंदी

मीनाक्षीताईंवर बंदी आली ती माझ्यामुळे. बंदी घालणारा प्रोग्रॅम मी लिहिलेला, ज्या ओळीवर बंदी आली ती ओळ मी टाइप केलेली, आणि ही दोन्ही कामं मी त्यांच्याच डायनिंग टेबलावर, त्यांच्याच हातची भरली वांगी खाता खाता केली. उजवा हात वांग्यात होता म्हणून डाव्या हाताने टाइप करत होतो. तरी एकही चूक झाली नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, अंकुर, तुझ्या हातून काहीतरी बिनचूक होईल तो दिवस मला बघायचाय. त्यांना कळवायला हवं.

आमची 'नांगर' नावाची एक साइट आहे. मी करमाळ्याचा, त्यामुळे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बैल आठवले होते. पण हा नांगर जहाजाचा. बोटीवर काम करणारी मराठी माणसं आणि त्यांच्या घरचे तिथे लिहितात. दिसायला साइट जुनाट. एक चित्र नाही, नुसती अक्षरं, कारण भर समुद्रातल्या कासवछाप इंटरनेटवरही ती उघडली पाहिजे. कारभार सिंगापूरहून चालतो, म्हणजे मीनाक्षीताईंच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमधून. कोणाचं लिहिणं ठेवायचं, कोणाचं काढायचं, कोणाला काही दिवस गप्प बसवायचं, हे त्या बघतात. यंत्राची बाजू माझ्याकडे. मी हार्बरफ्रंटच्या एका ऑफिसात जहाजांच्या सुट्या भागांचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रविवारी ताईंकडे जेवतो. साइटचं काम हे त्या जेवणाचं निमित्त.

साइटचा पहिला नियम सगळ्यांत कडक. जहाजाचं नाव आणि ते बंदरात लागण्याची तारीख एकत्र लिहायची नाही. लिहिलं की सात दिवस बंदी. वाचता येतं, लिहिता येत नाही. हा नियम कोणी हौसेने केलेला नाही. एका थर्ड ऑफिसरने 'अमुक बोट, तमुक तारखेला सिंगापूर, भेटा' असं लिहिलं होतं. ते त्याच्या कंपनीत कोणीतरी वाचलं आणि पुढच्या बंदरात त्याला सामानासकट उतरवलं. तेव्हापासून नांगरवर सगळ्या जहाजांना टोपणनावं आहेत. निळी म्हैस, थोरली जाऊ, पेन्शनर. ताईंचे यजमान धनेशदादा ज्या बोटीवर सेकंड इंजिनियर आहेत तिचं नाव 'आत्याबाई', कारण ती येते येते म्हणून महिनोन्महिने कळवत राहते आणि आली की टेकायच्या आत निघते.

तर आत्याबाई त्या शनिवारी यायची होती. इंधन भरण्यापुरती, धक्क्याला न लागता, लांब समुद्रात नांगरवाड्यात उभी राहून. धनेशदादांना घर सोडून आठ महिने झाले होते.

आणि त्याआधीच्या रविवारी मी 'पंच' तपासत होतो. पंच म्हणजे माझा प्रोग्रॅम. गेल्या वर्षीपासून साइटवर कुरबूर चालली होती की बाई आपल्या माणसांना सोडतात आणि परक्यांना धरतात. ताईंना हे फार लागलं होतं. त्या मला म्हणाल्या होत्या, "असं काहीतरी कर, की कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं यात माझाही हात पोचणार नाही." मी केलं. नियम मोडला की पंच स्वतःच ओळ पुसणार, स्वतःच बंदी घालणार, आणि पहिल्या पानावर सगळ्यांसमोर जाहीर करणार. वशिला बंद.

तपासायला मी साइटची एक वेगळी नक्कल करून ठेवली होती. ताईंच्या लॅपटॉपवर, ताईंच्या नावाने, त्या नकलेत मी आत्याबाईचं खरं नाव आणि शनिवारची तारीख लिहिली आणि बटण दाबलं. ती नक्कल नव्हती, एवढंच.

पंचाने डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळ पुसली आणि पहिल्या पानावर लावलं: सदस्य मीनाक्षी धामणस्कर, नियम पहिला, सात दिवस. माझ्या आयुष्यात पहिल्या फटक्यात चाललेला तो पहिला प्रोग्रॅम.

ताई तव्यावरची पोळी घेऊन आल्या. "चालला का रे?"

"चालला," मी म्हणालो. "जरा जास्तच."

त्यांनी स्क्रीन बघितली. पोळी माझ्या ताटात वाढली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा स्क्रीन बघितली. त्यांची दहा वर्षांची श्रिया मागून डोकावली आणि म्हणाली, "मम्मा, यू बॅन युअरसेल्फ आह? सेव्हन डेज कॅनॉट टॉक. सो नाइस लाह."

"काढतो मी," मी म्हणालो. "आतून काढता येतं. दोन मिनिटं."

"आतून काढता येतं?" ताई म्हणाल्या. "मग तू काय बनवलंस? मी म्हणाले होते कोणाचाच हात पोचायला नको."

"माझा पोचतो. मी बनवलाय ना."

"मग तुझाही पोचू देऊ नकोस. आणि आधी हात धू."

आता सात दिवस लिहिता आलं नाही तर काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. शनिवारची अडचण तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. ताईंच्या आली होती.

नांगरवाड्यात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत लाँचने जावं लागतं. अख्खी लाँच आपल्यापुरती ठरवणं कोणाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून साइटवर 'लाँच' नावाचा एक धागा, म्हणजे त्याच एका विषयावर लिहायचं पान, आहे. सामान घेऊन जाणाऱ्या लाँचमध्ये ज्या जागा उरतात त्यांत घरची माणसं जातात. ज्याला जायचंय त्याने बुधवारपर्यंत धाग्यावर स्वतः नाव टाकायचं; ती यादी जहाजाच्या एजंटकडे जाते, एजंट कप्तानाला विचारतो, मग जागा मिळते. पूर्वी हे फोनवर चालायचं तेव्हा जागांवरून भांडणं व्हायची, ओळखीची माणसं पुढे घुसायची. ताईंनीच ठरवलं होतं की यापुढे धाग्यावर नाव नाही तर लाँचमध्ये जागा नाही.

आणि ताईंना पुढच्या रविवारपर्यंत धाग्यावर लिहिता येणार नव्हतं.

"मी टाकतो तुमचं नाव," मी म्हणालो.

"बंदीतल्या माणसासाठी दुसऱ्याने लिहिलं तर त्यालाही सात दिवस. नियम चौथा."

"मग दुसऱ्या नावाने खातं काढा."

"कायमची हकालपट्टी. तिसरा."

"मग मी खरं सांगून टाकतो. ती ओळ तुम्ही नाही, मी लिहिली."

ताई हसल्या. त्या हसल्या की मला भीती वाटते. "सांग. माझं खातं उघडून मी तुझ्या हातात दिलं, असंही सांग. आपलं खातं दुसऱ्याला वापरायला दिलं तर दोघांनाही एक महिना. नियम दुसरा. वाचलेत का रे तू कधी? तूच चढवलेत ना साइटवर?"

चढवले होते. वाचले नव्हते. खोटं राहिलं तर सात दिवस, खरं बोललं तर महिना. दोन्हींत शनिवार जातच होता. चार नियम म्हणजे चार भिंती, आणि बाई स्वतःच गवंडी.

मीनाक्षीताई कोण, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला त्या नुसत्या हट्टी वाटतील. त्या हट्टी आहेतच, पण नुसत्या नाहीत. वडील महाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. ताई सांगतात, गाडी सुटायच्या वेळी रोज कोणीतरी धावत यायचं: साहेब, एक मिनिट, बायको पाणी घ्यायला गेलीय, साहेब, म्हातारी चढतेय. वडिलांनी कधी गाडी थांबवली नाही. एकदा ताईंचा स्वतःचा मामा मागे राहिला, तेव्हाही नाही. मामा पुढे वर्षभर घरी आला नाही. ताई म्हणतात, "इथे थांबलेली गाडी घाटापलीकडे उशिरा पोचते, आणि तिथल्या माणसाची पुढची चुकते. तो माणूस आपल्याला दिसत नाही म्हणून आपण दयाळू." असल्या घरातून त्या पुण्याला शिकल्या, सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी धरली आणि त्याच नोकरीवर सिंगापूरला आल्या. इथे एका विमा कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतात. माझ्या काढायला राहिल्या, कारण मी वांगी खात होतो आणि त्या पोळ्या करत होत्या.

लग्न त्यांनी बोटीवरच्या माणसाशी केलं. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने घरात नवरा नाही, आणि असतो तेव्हा तो पाहुण्यासारखा स्वतःचं ताट स्वतः धुतो. ताई कधी तक्रार करत नाहीत. धनेशदादांची बोट कुठे आहे ते मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, टोपणनावासकट.

सोमवारपासून खरे हाल सुरू झाले. बंदी म्हणजे माणसाला खोलीबाहेर काढणं असं मला वाटायचं. तसं नसतं. आत बसवून ठेवतात आणि तोंडाला पट्टी लावतात. 'व्यवस्थापकांनाच बंदी?' असा एक धागा निघाला होता आणि तो थांबता थांबत नव्हता. संध्याकाळी मी ऑफिसमधून परस्पर क्लेमेंटीला गेलो तेव्हा ताई भेंडी चिरत होत्या आणि लॅपटॉप ओट्यावर उघडा होता.

"हे ऐक," त्या म्हणाल्या. "'बाईंचं नाव बघून आनंद झाला असं म्हणणार नाही, पण दुःखही झालं नाही.' हा धुळ्याचा अनीश. याची वर्षभर पाठराखण केली मी." भेंडीचे दोन तुकडे झाले. "आणि ही अनघा. 'आता चोवीस तासांत बंदी गुपचूप उठेल, बघा.' अगं, उठणार नाही, आणि तुला ते सांगताही येणार नाही मला."

"वाचू नका ना मग."

"तुझ्या वरातीत तुझ्याबद्दल लोक बोलत असतील तर तू कान झाकशील?"

"माझी वरात कुठली?"

"तेही खरंच," म्हणून त्यांनी पुन्हा वाचायला घेतलं. प्रत्येक ओळीला त्या उत्तर देत होत्या. मोठ्याने, मुद्देसूद, पुराव्यासकट. ते ऐकायला मी, श्रिया आणि भेंडी. मध्येच हात पुसून त्या टाइप करायला जायच्या, आणि स्क्रीनवर यायचं: आपण सध्या लिहू शकत नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की काही माणसं घाबरत नाहीत, नुसतं बटण दाबत राहतात. ताईंचं तसं चाललं होतं.

तेवढ्यात फोनवर धनेशदादांचा मेसेज आला. ताईंनी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"काय म्हणतायत?"

"नाव टाकलंस ना यादीत, विचारतायत. कप्तानाशी बोलून ठेवलंय म्हणे. जेवायला वर घेऊन जाणार. कुक रत्नागिरीचा आहे, तो सुरमई करणार आहे." त्यांनी भेंडी कढईत टाकली. "मी काय लिहू, तू सांग. तू लिहिलेलं बिनचूक असतं."

एवढं बोलल्यावर जेवायला थांब असं त्या म्हणाल्या, पण मी थांबलो नाही. वांगी अजून पचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासकाकांना गाठलं. लाँचची यादी तेच करतात. काका निवृत्त मरीन सुपरिंटेंडंट, देवगडचे. आयुष्य बोटींवर गेलं आणि आता किनाऱ्यावर जीव रमत नाही, म्हणून रोज सकाळी हार्बरफ्रंटच्या फूड कोर्टात फेरीबोटी बघत बसतात. माझं ऑफिस त्याच इमारतीत वर. मी चहा घेऊन समोर बसलो.

काकांचं आणि ताईंचं वाकडं होतं, हे नांगरवर सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी काकांचा मुलगा सारंग ज्या बोटीवर होता ती सिंगापूरला यायची होती. आनंदाच्या भरात काकांनी तिचं खरं नाव आणि तारीख लिहून टाकली. ताईंनी सात दिवस दिले. यादी करणारे काकाच गप्प, त्यामुळे त्या आठवड्यात यादी झाली नाही, लाँच ठरली नाही. सून त्यांच्या वतीने दोन ओळी लिहायला गेली, तर तिलाही सात दिवस. चौथा नियम त्या दिवशी जन्माला आला. काकांनी शेवटी ताईंना फोन केला होता. ताई नाही म्हणाल्या. सारंग लांबून सिंगापूरचे दिवे बघून ऑस्ट्रेलियाला गेला. तेव्हापासून काका साइटवर ताईंना 'व्यवस्थापक महोदया' म्हणतात.

"काय इंजिनियर," काका म्हणाले, "तिने पाठवलं का तुला?"

"नाही. त्यांना कळलं तर मला जेवण बंद होईल."

"मग बोल."

"शनिवारच्या यादीत एक नाव वाढवायचं होतं."

"धाग्यावर आहे?"

"नाही."

"मग गेलं," असं म्हणून त्यांनी कॉफीचा घोट घेतला. मी उठलो नाही. बाहेर इंडोनेशियातल्या बाटमला जाणारी फेरी सुटत होती; ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी बघितली.

"काका, ती ओळ जी होती ना—"

"थांब." त्यांनी कप ठेवला. "मला काही सांगू नकोस. ती बाई स्वप्नातसुद्धा जहाजाचं खरं नाव घ्यायची नाही, एवढं मी ओळखतो तिला. तिच्या घरी रविवारी जेवायला कोण असतं तेही ओळखतो. पण तू तोंडाने सांगितलंस तर मी ऐकलं असं होतं, आणि ऐकलं तर मला ते साइटवर लिहावं लागेल. मग महिना."

मी तोंड मिटलं.

"तुला वाटत असेल म्हातारा सूड उगवतोय."

"थोडं वाटलं होतं."

"थोडा उगवतोयही. तो काही सोडवत नाही." ते हसले नाहीत. "पण ऐक. मी ते सात दिवस काढले. कसे काढले ते माझं मला माहीत. बायको म्हणायची, साइट आहे ती, सोडून द्या. पण सारंग तिथे लिहीत होता ना रोज. 'बाबा, लाँच ठरली का.' मी वाचतोय आणि लिहू शकत नाही. फोन लागत नव्हता त्याचा. ते मी गिळलं, कारण नियम सगळ्यांना आहे असं ती म्हणाली. आता तिला मी बाजूच्या दाराने आत घेतलं, तर माझा तो आठवडा फुकट गेला. सारंगचाही. तो आठवडा मला फुकट घालवायचा नाही. त्याला किंमत आहे म्हणूनच मी अजून त्या साइटवर आहे."

चहा गार झाला होता. तो मी तसाच प्यायलो.

बुधवारी संध्याकाळी यादी बंद व्हायच्या थोडं आधी ताईंचा फोन आला. "नियमांत बसतं का बघ," त्या म्हणाल्या. "श्रिया साइटची सदस्य नाही. तिच्यावर बंदी नाही. कोणीही सदस्य एक पाहुणा आणू शकतो. तू तुझं नाव टाक आणि पाहुणी म्हणून तिचं. हे माझ्यासाठी लिहिणं होत नाही. होतं का?"

मी चारही नियम उघडून वाचले. पहिल्यांदाच. "होत नाही," मी म्हणालो.

"मग टाक."

"ताई, मला पाण्याची भीती वाटते."

"मलाही पुष्कळ गोष्टींची वाटते. टाक."

शनिवारी दुपारी आम्ही मरीना साउथच्या धक्क्यावर गेलो. ताईंनी नारळीच्या वड्या केल्या होत्या आणि अंगावर ती हिरवी साडी होती जी मी फक्त गणपतीत बघितली होती. लाँचमध्ये जायचं नाही हे ठाऊक असताना त्या साडी नेसून आल्या होत्या. श्रियाने विचारलंच. "मम्मा, यू नॉट कमिंग, व्हाय यू वेअर साडी?"

"धक्का काय वाईट जागा आहे का?" ताई म्हणाल्या, आणि तिच्या लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट करत राहिल्या. ते आधीच घट्ट होते.

काका यादी घेऊन उभे होते. नावं वाचली, पासपोर्ट बघितले. ताईंकडे त्यांनी बघितलं नाही, ताईंनी त्यांच्याकडे नाही. दर वेळी काका लाँचबरोबर जातात. कोणाची बोट असो, त्यांना ती जवळून बघायची असते. त्या दिवशी सगळे चढल्यावर ते खालीच राहिले.

"मी नाही येत," ते लाँचवाल्याला म्हणाले. "गुडघा."

काकांच्या गुडघ्याबद्दल मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. लाँच सुटली. श्रियाच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे एक लाइफ जॅकेट नुसतंच पडलेलं. धक्क्यावर दोन माणसं एकमेकांपासून बरीच लांब उभी होती, एक हिरवी आणि एक वाकलेली, आणि ती लहान होत गेली.

आत्याबाईजवळ पोचेपर्यंत मी दोनदा देवाचं आणि एकदा करमाळ्याचं नाव घेतलं. जवळ गेल्यावर जहाज हे जहाज वाटतच नाही. लोखंडाची गल्लीच उभी केल्यासारखी वाटते. लाटा उठल्या होत्या, त्यामुळे कप्तानाने पोरीला शिडीने वर घ्यायला नकार दिला. मग धनेशदादाच खाली आले. शिडीच्या तळाशी एक फळी असते, पाण्यापासून हातभर वर. बॉयलरसूट घातलेला, दाढी वाढलेला माणूस त्या फळीवर येऊन उभा राहिला आणि लाँचच्या काठाशी श्रिया. मध्ये वीतभर पाणी. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि मी मागून श्रियाचं जॅकेट.

लाँच लाटेवर वर जायची तेव्हा श्रिया बापाच्या कानापर्यंत यायची, खाली आली की कमरेपर्यंत. "उंच झालीस," ते म्हणायचे, आणि पुढच्या लाटेला, "नाही, तेवढीच आहेस." ती खदाखदा हसत होती. मग हसता हसता रडायला लागली, आणि तेव्हा मात्र तिच्या तोंडून शुद्ध मराठी निघालं. "बाबा, घरी चला ना."

"मे महिन्यात," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तू अंकुर. आई कुठंय हिची?"

"धक्क्यावर. बंदी आहे ना, त्यामुळे—"

"लिहिलंय तिने. सुरमई तळून तयार आहे वर." त्यांनी श्रियाचे हात पुन्हा नीट धरले. "लग्नाआधी मला म्हणाली होती, मी एकदा ठरवलं की ठरवलं. मी खूश झालो. मला वाटलं, ते माझ्यापुरतं आहे."

मी म्हणालो, "दादा, ती ओळ मी लिहिली होती. त्यांनी नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा हात जॅकेटवर आणखी घट्ट बसला. "तुझ्यावर ओरडायला मला फार आवडलं असतं," ते म्हणाले. "पण लाँचवाला घड्याळ बघतोय, आणि असेल तेवढा वेळ मला पोरीला द्यायचाय. तू जरा तिकडे बघ."

मी तिकडे बघितलं. तिकडे सिंगापूर होतं, उन्हात पांढरं. त्यातला धक्का कुठला ते ओळखता येत नव्हतं.

परत आलो तेव्हा ताई आणि काका एकाच बाकावर बसले होते. मध्ये दोन रिकामे कप. काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि सांगितलं कोणीच नाही. काकांचे डोळे लाल होते, पण ते उन्हानेही होतात. ते उठले, ताईंना म्हणाले, "येतो गो बाय," आणि तरातरा चालत बसस्टॉपकडे गेले. गुडघा ठणठणीत होता. 'महोदया' नाही म्हणाले, एवढं मी टिपलं.

"कॉफी त्यांनी आणली," ताई म्हणाल्या. "पुढची माझी, म्हणाले मी." मग श्रियाला जवळ घेतलं आणि तिच्या केसांचा वास घेत बसल्या. पोरीच्या केसांना डिझेलचा वास येत होता.

रविवारी दुपारी पंचाने बंदी उठवली, जशी घातली होती तशीच, पातं लवायच्या आत. मला वाटलं, सुटलो. मी जेवायला गेलो होतो. या खेपेला साधं वरण होतं. ताईंनी लॅपटॉप ओढला आणि उभ्या उभ्याच लिहिलं: 'मागच्या रविवारची ओळ अंकुरने माझ्या खात्यातून लिहिली. खातं मी त्याला दिलं होतं. नियम दुसरा. मला एक महिना, त्याला एक महिना. महिनाभर कारभार उल्हासकाका बघतील, त्यांची तयारी असेल तर.' आणि मला न विचारता बटण दाबलं.

"कोणी विचारलं नव्हतं," मी म्हणालो. "कोणालाच माहीत नव्हतं."

"उल्हासकाकांना होतं. ते गप्प बसले माझ्यासाठी. बसतील पुढेही. पण गप्प बसणं म्हणजे काय ते त्यांना मीच एकदा शिकवलंय, परत कशाला?"

काकांनी कारभार घेतला. तासाभरात त्यांनी दोघांनाही एक महिना लावला. अनघाने लिहिलं की बाईंनी एक आठवडा आधीच भोगलाय, तो तरी वळता करावा. काकांनी उत्तर दिलं: 'नियमात नाही.' त्यावर नवा धागा निघाला, 'म्हाताऱ्याला सत्ता चढली?' तोही आता थांबत नाहीये. ताई तो रोज वाचतात आणि ओट्याशी उभ्या राहून काकांची बाजू मांडतात. मोठ्याने, मुद्देसूद. भेंडीचा मोसम संपून आता गवार आलीय.

मलाही नांगरवर लिहिता येत नाही, म्हणून हे इथे लिहितोय.

कालच ताईंनी मला काकांकडे पाठवलं होतं. लिटिल इंडियात सामानाला जाणार आहे, तिथेच भेटा, तुमची एक कॉफी राहिलीय, असा निरोप होता. काका फेरी बघत बसले होते. त्यांनी निरोप नीट ऐकून घेतला, कप फिरवला, विचार केला.

"तिला सांग," ते म्हणाले, "बंदीतल्या सदस्याकडून व्यवस्थापकाने कॉफी घेणं बरं दिसत नाही. महिना होऊ दे."

मी क्लेमेंटीला जाऊन हे सांगितलं. ताई गवार मोडत होत्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी पण नसती घेतली."